घाटात गाडी ओढत नाही? टर्बो उतरवण्याआधी पाइप बघा

क्लच प्लेट बदलून गाडी आणली आणि तेव्हापासून तुळजापूरच्या घाटात ती तिसऱ्या गिअरलाही दम टाकते, स्कॅनरवर पी ०२९९ हा बिघाडाचा कोड येतो, गॅरेजवाले म्हणतात टर्बो गेला, असं तुम्ही लिहिलंय. टर्बो नेमका क्लचच्या कामातच जावा, हे मला काही पटत नाही बघा. गिअरबॉक्स उतरवताना वरचे बारीक पाइप काढावेच लागतात आणि परत लावताना कुठला कुठे हे विसरायला होतं. पी ०२९९ म्हणजे बूस्ट कमी, म्हणजे टर्बो इंजिनात दाबून भरतो ती हवा कमी, एवढंच. टर्बो खराब आहे असं तो कोड म्हणत नाही.

आधी तुमचा टर्बो कुठल्या जातीचा ते ठरवा. १.३ मल्टिजेट या डिझेल इंजिनाचंच घ्या: ७५ हॉर्सपॉवरच्या इंजिनात वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट बाजूला काढणारी झडप), ९० च्यात व्हीजीटी (आतली पाती वळवून बूस्ट बदलणारा टर्बो). वेस्टगेटचा डबा (रॉडने झडप हलवणारा) टर्बोच्याच दाबावर उघडतो, म्हणून तो पाइप निघाला तर बूस्ट वाढतो. व्हीजीटीचा डबा व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर चालतो, तिथे पाइप निघाला की बूस्टच बनत नाही आणि गाडी मरगळते. एकच चूक, पण परिणाम उलटे. तुमची ९० ची आहे, म्हणजे व्हॅक्यूम शोधायचा.

डिझेलला थ्रॉटलमागचा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून वेगळा पंप असतो. त्याचा जाड पाइप ब्रेक बूस्टरला जातो आणि त्यातून बारीक फाटा सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला. सगळा घोळ या सोलेनॉइडवर होतो. त्यावर बहुधा ‘व्हॅक’ आणि ‘आउट’ अशी अक्षरं कोरलेली असतात. मळ चढलेला असतो, कापडाने पुसून टॉर्च मारा. पंपाकडचा पाइप ‘व्हॅक’ला, टर्बोच्या डब्याकडचा ‘आउट’ला, तिसरं तोंड बाहेरची हवा घेण्यासाठी, त्यावर छोटा फिल्टर असतो. वीज बंद असताना ‘आउट’ आणि हवेचं तोंड आतून जोडलेलं असतं. म्हणून पहिले दोन उलटे लागले तर पंप फिल्टरमधून बाहेरची हवाच ओढत बसतो आणि डब्यापर्यंत काही पोचत नाही.

म्हणूनच ब्रेकही तपासा, हे टाळू नका. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी रस्त्यावर काढू नका. बूस्टरच्या पाइपातला एकतर्फी व्हॉल्व्हही बघा, तो उलटा बसलेला असू शकतो.

गेज मिळाला तर टी-जॉइंट लावून पंपाचा व्हॅक्यूम मोजा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, त्यामुळे गेजवर पूर्ण १ बार कधीच दिसणार नाही, ०.८५ ते ०.९ आला तर पंप ठणठणीत समजा. गेज नसेल तर मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा, डब्याचा पाइप तिला जोडून ओढा. रॉड गुळगुळीत हलला पाहिजे आणि तोंड बंद धरलं तर तिथेच थांबला पाहिजे. हळूहळू परत आला तर डब्याचा पडदा फाटलाय किंवा तुमचा पाइपच गळतोय.

नवीन पाइप टाकताना माशांच्या टाकीची नळी वापरू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४२-४३ अंश असतं, बॉनेटखाली ती मऊ पडून चपटी होते. जाड भिंतीचा, आतून ३-४ मिमीचा व्हॅक्यूम होजच घ्या. एक्झॉस्ट आणि ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा एक्झॉस्ट थंड करणारा) यांपासून लांब ठेवा, वळण मोठं द्या, टायरॅप आवळून टाकू नका. इंजिन माउंटवर हलतं, तेवढी ढील राहू द्या.

इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या जाड पाइपांचं वेगळं. जोडाखाली ताजं ऑइल दिसलं, शिट्टी ऐकू आली, काळा धूर आला तर क्लॅम्प सरकलाय. जोड आतून-बाहेरून पुसून कोरडे करा, क्लॅम्प कडेच्या उंचवट्याच्या मागे बसवा. हवा भरून गळती बघायची असेल तर अर्ध्या बार दाबाच्या वर जाऊ नका. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट लावाल तर नवीन काम निघेल.

हे सगळं नीट असून रॉड सिरिंजने अर्ध्यातच अडकत असेल, तर आतल्या पात्यांवर कार्बन बसलाय. तेव्हा टर्बो उतरवायला हरकत नाही; पण आधी साफ करून बघायला सांगा, नवा घेण्याचं नंतर.