बक्षीसपत्र आता नको, मृत्युपत्र करा

प्रश्न : मी न्यू जर्सीत ग्रीन कार्डवर आहे, यंदा अमेरिकेचं नागरिकत्व घेतोय. वाई तालुक्यात वडिलांची स्वकष्टार्जित ३ एकर शेती आहे. भारतीय पासपोर्ट आहे तोवर बक्षीसपत्र करून घे, असं ते म्हणतात. पुढे कधीतरी जमीन विकून पैसे इकडे आणायचे आहेत.

उत्तर : घेऊ नका. पासपोर्टचा इथे संबंधच नाही. फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) नियमांनुसार शेतजमीन विकत किंवा बक्षीस घ्यायला अनिवासी भारतीयालाही मनाई आहे आणि ओसीआय कार्डधारकालाही (म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसालाही). म्हणजे ही वाट तुम्हाला आजच बंद आहे. वारसाहक्काची वाट मात्र दोघांनाही खुली आहे.

फसायला होतं ते स्वस्ताईमुळे. महाराष्ट्रात मुलाला शेती बक्षीस देताना मुद्रांक अवघा २०० रुपयांचा. दस्त नोंदला जातो, सातबाऱ्यावर नाव चढतं, सगळे निर्धास्त. गाडी अडते ती विक्रीनंतर, जमीन हाती कशी आली हे बँक विचारते तेव्हा. फेमाचा दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो.

वडिलांना मृत्युपत्र करू द्या. गट नंबर आणि क्षेत्र स्पष्ट लिहा. दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे कराच. बहीण असेल तर तिच्याशी आधीच बोलून घ्या. फेरफाराच्या वेळी हरकत तिथूनच येते.

अमेरिकेच्या करातही यात फायदा आहे. समजा, वडिलांनी जमीन २ लाखांना घेतली, त्यांच्या पश्चात तिची किंमत ९० लाख भरली आणि तुम्ही ती ९५ लाखांना विकलीत. वारशात नफा वडिलांच्या पश्चातच्या किमतीपासून मोजतात, म्हणून ५ लाख; बक्षिसात त्यांच्या खरेदीच्या किमतीपासून, म्हणून ९३ लाख. (हिशेब डॉलरमध्ये होतो, त्यामुळे आकडे ढोबळ.) भारतात ग्रामीण शेतजमिनीवर भांडवली नफ्याचा कर नाही, पण जमीन ग्रामीण धरली जाते का हे पाहण्यासाठी जवळच्या नगरपालिकेच्या हद्दीपासूनचं अंतर मोजून घ्या. वारसा १ लाख डॉलरहून मोठा असेल तर अमेरिकेत फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर शून्य, पण फॉर्म न भरल्यास दंड वारशाच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत.

विकताना गिऱ्हाईक भारतात राहणारा हवा, शिवाय कुळकायद्याप्रमाणे शेतकरी. पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यात) घ्या. तिथून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत सीएच्या प्रमाणपत्रावर बाहेर नेता येतात.

नागरिकत्व खुशाल घ्या. शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, तेव्हा पासपोर्ट लगेच जमा करून ओसीआयसाठी अर्ज करा. जगभरच्या उत्पन्नावरचा अमेरिकी कर ग्रीन कार्डावरही तुम्हाला लागू आहेच.