बारा भाग पाहा अन् तिथंच थांब

भाऊ, तू ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका नवीनच पाहायला लागलास, म्हणून आधीच सांगतो. ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’चा २०१९ चा पहिला सीझन सोडू नको. फक्त बारा भाग आहेत. आपल्याकडे थ्री फेजची लाइन रात्रीच येते. हरभऱ्याच्या ओलिताला गेलो तेव्हा धुऱ्यावर बसून दोन रात्रीत पाहून काढले.

एम्मा, नॉर्मन, रे. अकरा-अकरा वर्षांची पोरं, पण डोक्यानं लढतात. अन् त्या अनाथाश्रमातली इझाबेला! पोरं तिला मामा म्हणतात. मायेनं कुशीत घेते, त्याच हातानं पाळत ठेवते. तिच्या गुणगुणण्यातली धून कुठून आली ते बाराव्या भागात कळलं, तेव्हा मी मोबाईलकडे पाहतच राहिलो. पाणी शेजारच्या वावरात शिरलं तेव्हा भान आलं. अशी खलनायिका मी तरी दुसरी पाहिली नाही.

२०२१ चा दुसरा सीझन मात्र लावू नको. मूळ मांगाचे, म्हणजे ज्या जपानी चित्रकथेवरून हे बनवलं तिचे, वीस खंड आहेत. पहिल्या सीझननं सुरुवातीचे पाचेक निवांत सांगितले, दुसऱ्यानं उरलेलं सगळं अकरा भागांत कोंबलं. गोल्डी पाँड या ठिकाणचा कथेतला अख्खा टप्पा गाळला, युगो नावाचं पात्र तर दिसतच नाही. शेवटी नुसती चित्रं सरकवत कथा गुंडाळली. ज्या पोरांवर जीव लावला त्यांचं असं झालेलं पाहून मला खरंच वाईट वाटलं.

बारावा भाग झाला की मांगाचा पाचवा खंड उघड. युगो तुला त्याच्या पुढच्या खंडांत भेटेल.