हिरड्या खराब असतील तर मेंदूतला एन्युरिझम फुटू शकतो का?

संबंध दिसलाय, पण हिरड्यांमुळेच फुटतो असं अजून सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे आधी घाबरू नका.

एन्युरिझम म्हणजे रक्तवाहिनीची भिंत कमजोर होऊन आलेला फुगा. साधारण ३ टक्के मोठ्या माणसांत तो असतो आणि बहुतेकांचा आयुष्यभर फुटत नाही. २०१३ मध्ये फिनलंडच्या टाम्पेरेमधल्या संशोधकांनी फुटलेल्या एन्युरिझमचे नमुने तपासले तर अर्ध्याहून जास्त नमुन्यांत तोंडातल्या बॅक्टेरियाचा डीएनए सापडला, नंतर फिनलंडमधल्याच दुसऱ्या अभ्यासात हिरड्यांचा आजार असलेल्यांमध्ये एन्युरिझम आणि त्यातून होणारा रक्तस्राव जास्त दिसला. कारण असं मानतात की सुजलेल्या हिरडीतून बॅक्टेरिया रक्तात जातात, शरीरात सतत सूज राहते आणि आधीच नाजूक असलेली भिंत अजून झिजते.

पण खरं मोठं रिस्क म्हणजे सिगरेट आणि हाय बीपी, आणि सिगरेटने हिरड्याही सडतात, म्हणून कोण कशामुळे हे वेगळं काढणं अवघडच जातं. बीपी असेल तर गोळ्या चुकवू नका प्लीज, आणि ब्रश करताना रक्त येतं म्हणून ब्रश बंद करू नका (आपल्याकडे खूप जण करतात, मग मिश्री लावतात, त्यात तंबाखूच असते!), डेंटिस्टकडून क्लिनिंग करून घ्या, दात सैल होतात वगैरे काही नसतं.

आणि अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं डोकं दुखलं, सोबत उलटी, मान आखडणं, तर थेट इमर्जन्सी गाठा, सकाळची वाट बघू नका.