‘टप्पा पडला होता’ म्हटल्यावर पंचांनी काय करावं?

प्रश्न : शालेय बेसबॉल सामन्यात पहिल्या बेसवर (धावताना गाठायच्या चार ठिकाणांपैकी पहिल्यावर) रनर होता. सेंटर फील्डरने पुढे सूर मारून झेल घेतला, पंचांनी आउट दिलं. त्या मुलाने लगेच हात वर करून ‘टप्पा पडला होता’ म्हणून सांगितलं, तरी निकाल बदलला नाही. खेळाडू स्वतःच कबूल करत असताना पंचांनी ऐकायला नको का? – एक क्रीडाशिक्षक, डिचोली

उत्तर : नुसत्या कबुलीवर निकाल फिरवू नये, पण ती कानाआडही करू नये. झेल होता की नाही, सेफ की आउट, हे पंचांनी पाहून ठरवायचं असतं आणि नियमाने ते अंतिम असतं. निकाल देणारा पंच सहकाऱ्याला विचारू शकतो, मात्र त्याने विचारल्याशिवाय दुसऱ्याने मध्ये पडायचं नाही.

मुलगा खोटं बोलतो असं कुणी म्हणत नाही. सूर मारताना चेंडू जमिनीलगत ग्लोव्हमध्ये शिरतो, तेव्हा आधी टप्पा पडला की आधी ग्लोव्ह लागला हे खुद्द फील्डरलाही पुष्कळदा कळत नाही. ग्लोव्ह आणि जमीन यांतली फट बाजूने बघणाऱ्यालाच नीट दिसते.

शिवाय प्रत्येक कबुली तोट्याचीच असते असं नाही. पहिल्या बेसवर रनर आणि शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरकडे) खाली येणारा फटका घ्या. पंच ‘झेल’ म्हणतात, झेल झाला की आपल्या बेसवर परतावं लागतं म्हणून रनर मागे फिरतो आणि शॉर्टस्टॉप ‘टप्पा होता’ म्हणत दुसऱ्या बेसवर चेंडू फेकतो. ते मानलं तर तिथे रनर फोर्स आउट (बॅटरसाठी पहिला बेस सोडावाच लागतो आणि चेंडू त्याच्या आधी दुसऱ्या बेसवर पोचतो), पुढे पहिल्या बेसवर बॅटरही आउट होऊ शकतो. एका आउटचे दोन झाले!

चेंडूवरचा पुरावा ही वेगळी गोष्ट. 1969 च्या वर्ल्ड सिरीजच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या) पाचव्या सामन्यात न्यूयॉर्क मेट्स संघाचे व्यवस्थापक गिल हॉजेस यांनी बुटाच्या पॉलिशचा डाग पडलेला चेंडू प्लेट पंच (बॅटरच्या मागे उभे राहणारे) लू डिम्युरो यांना दाखवला. टाकलेला चेंडू मेट्सचा बॅटर क्लिऑन जोन्सच्या पायाला लागल्याचं मान्य होऊन नियमाप्रमाणे त्याला पहिला बेस मिळाला. आपल्याकडे लाल मातीचा डाग दाखवतात, पण चेंडू आधीच मळलेला असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही.

म्हणून कबुली ऐकली की, खेळ थांबलेला असताना ‘टाइम’ घ्यावा आणि दोघा पंचांनी खेळाडूंपासून दूर जाऊन बोलावं. ‘माझं चुकलं का?’ असं नको, ‘तुला काय दिसलं?’ असं विचारावं. सहकाऱ्याला पक्कं दिसलं असेल तरच बदल, आणि तो बॅटरला पुढचा चेंडू टाकण्याआधी. तुमच्या सामन्यात बदल झाला असता तर झेल समजून थांबलेल्या रनरचं नुकसान होऊ न देणं हे पंचांचं काम. ‘झेल नाही’ असं आधीच म्हटलं असतं तर जो जिथे पोचला असता, तिथे त्याला ठेवायचं. इथे बहुधा बॅटर पहिल्या बेसवर आणि रनर दुसऱ्यावर. निकाल मूळ पंचानेच जाहीर करून दोन्ही प्रशिक्षकांना सांगावा.

क्रिकेटमध्ये वाट वेगळी आहे. 1980 च्या मुंबई कसोटीत भारताचे कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांनी पंचांनी बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला परत बोलावलं, कारण तिथे पंचांच्या संमतीने कर्णधाराला अपील मागे घेता येतं. बेसबॉलमध्ये झेलबाद मागे घेण्याची अशी सोय कर्णधाराला किंवा प्रशिक्षकाला नाही.

मैदानावर एकच पंच असेल तर विचारायला कुणी नाही आणि त्याने पाहिलं तेच राहतं. आंतरशालेय सामन्यांना निदान दोन पंच द्या, असा आग्रह आयोजकांकडे आधीच धरा.