डोळे कोणाचे उघडे होते?

अहिल्यानगरहून एका ताईंचं पाच पानी पत्र आलंय. वय 61, यजमान दोन वर्षांपूर्वी वारले. घरी मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू. सून दवाखान्यात सिस्टर आहे. रोज संध्याकाळी घरात प्रार्थना होते, ती ताईच चालवतात. सून चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला येत नाही, कधी ड्युटी म्हणते, कधी झोप. म्हणून ताई वर्षभर प्रार्थनेत तिच्यासाठी मागताहेत, भगिनी मंडळाच्या ग्रुपवरही विनंती टाकली आहे. त्या लिहितात: ‘प्रभू ऐकत का नाही? माझ्याच हेतूत खोट आहे का? बायबलमधल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायातल्या ढोंग्यांसारखी मी चव्हाट्यावर उभी राहत नाही, घरातच प्रार्थना करते. तरी मन खातं. सून तर प्रार्थनेत डोळेही मिटत नाही. मी माझा हेतू तपासू कसा?’

ताई, सलाम.

हेतूंची उलटतपासणी तुमच्या पत्रात भरपूर आहे. ती मी बाजूला ठेवली. मला अडवलं ते एकाच वाक्यानं: सून प्रार्थनेत डोळेही मिटत नाही.

तुम्हाला कसं कळलं?

प्रार्थना तुम्ही चालवता. डोळे मिटून ‘हे प्रेमळ स्वर्गीय पित्या’ म्हणणाऱ्या बाईला समोरचीच्या पापण्या दिसत नाहीत. म्हणजे वर्षभर तुमचेही डोळे किलकिले होत आले आहेत, आणि कुठल्या ओळीला, तेही मी सांगते, कारण ती ओळ तुम्हीच उतरवून पाठवली आहे: ‘बापा, आमच्या घरातल्या ज्या लेकराला तुझ्या मंदिराची ओढ नाही, त्याला तू स्पर्श कर.’ घरात माणसं चार. एक तुम्ही, एक नातू. मुलगा ‘आमेन’ म्हणाला की लगेच मोबाईल उचलतो, असं तुम्हीच लिहिलंय, पण तो दर रविवारी तुम्हाला चर्चला नेतो. मग लेकरू उरलं कोण? नाव न घेऊन झाकलं काय?

शब्द लागले की नाही, हे तुम्ही डोळे उघडून बघत होता. देवाकडे मागणाऱ्याला ते बघायची गरज पडत नाही. याला टोमणा म्हणतात ताई, फक्त शेवटी आमेन लावलेला. साध्या टोमण्याला सून निदान उलट बोलू शकते. याला काय बोलणार? दिवसभर पेशंटांचं करून, घरी येऊन भाकऱ्या थापून ती पोर चटईवर बसते, आणि तिच्यावर खटला उभा राहतो, तोही थेट परमेश्वरापुढे. मी असते तर मीही डोळे मिटले नसते.

मत्तयाच्या त्याच अध्यायात प्रभू पुढे सांगतो, खोलीत जा, दार लावून घे. दाराच्या आत सूनच बसलेली असेल तर दार लावून उपयोग काय?

आता बायबलमधल्याच पहिल्या शमुवेलाचा पहिला अध्याय काढा. हन्नाला मूल नाही आणि घरातच सवत आहे, पनिन्ना, वर्षानुवर्षं टोचून बोलणारी. शिलोच्या मंदिरात गेल्यावर हन्ना रडते, मागते, पण आवाज नाही. नुसते ओठ हलताना बघून एली याजकाला वाटतं, बाई प्यायलीय. त्या मागण्यात पनिन्नाचं नावसुद्धा नाही. हन्नाचा हेतू धुतल्या तांदळासारखा होता का? मला नाही वाटत. सवतीची जिरावी असं तिच्या पोटात असणारच. पुढच्याच अध्यायातल्या गीतात ‘वैऱ्यांपुढे माझं तोंड उघडलंय’ असं ती म्हणून जातेच. पण मागताना ती देवाशी बोलत होती, पनिन्नाच्या कानावर जावं म्हणून नाही. आणि देवानं ऐकलं.

म्हणून हेतू तपासत बसू नका. वर्षभर सुनेकडे बघून झालं, आता स्वतःकडे बघत बसाल, दुसरं काही होणार नाही.

मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू एकच प्रश्न दोनदा विचारतो: मी तुमच्यासाठी काय करावं अशी तुमची इच्छा आहे? आधी याकोब आणि योहान या आपल्या शिष्यांना. त्यांनी सुरुवातच अशी केलेली असते, की आम्ही जे मागू ते तू द्यावंस. मग हळूच बाहेर येतं, त्यांना त्याच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा हव्यात. पुढे यरीहोपाशी तोच प्रश्न आंधळ्या बार्तीमयाला. तो म्हणतो, मला दिसावं. झालं.

तुम्हाला काय हवंय? ‘तिला ओढ लागावी’ हे तुमचं उत्तर. पण चौथ्या पानावर, कडेला, वेगळंच लिहिलंय: हे गेल्यापासून बाकावर शेजारची जागा रिकामी असते, आणि उपासना सुटली की बायका विचारतात, सून नाही आली? त्या बायकांचं मला काही पडलेलं नाही. रिकाम्या जागेचं पडलंय. इतकी वर्षं ज्या बाकावर दोघं बसलात तिथे एकटीनं बसून गाणं म्हणायचं, घसा दाटला की कुणाकडे बघावं कळत नाही. हे दुखणं खरं आहे हो. आणि वर्षभरात ते तुम्ही एकदाही, ना देवाला ना सुनेला, सरळ सांगितलेलं नाही.

उद्या सकाळी ती चहा ठेवेल तेव्हा ओट्यापाशी जा आणि तिच्याकडे बघून बोला: ‘पप्पा गेल्यापासून चर्चमध्ये एकटीनं बसवत नाही गं. ज्या रविवारी तुला सुट्टी असेल, त्या रविवारी येशील माझ्याबरोबर?’ एवढंच. देव, संस्कार, नातवाचं वळण, काही जोडू नका. ती नाही म्हणू शकते, वर्षभर ऐकून घेतल्यावर तेवढा हक्क तिला आहे. नाही म्हणाली तर गुपचूप चहा प्या.

संध्याकाळच्या प्रार्थनेत तिचा विषय बंद, आडूनसुद्धा नाही. तिच्यासाठी मागायचंच असेल तर रात्री अंथरुणात, हन्नासारखं, ओठातल्या ओठात. आणि भगिनी मंडळाच्या ग्रुपवरची ती विनंती आजच मागे घ्या. कुणी कारण विचारलं तर सांगा, सुनेची ड्युटी कुठल्या रविवारी असते ते मी तिला कधी विचारलंच नव्हतं.