सीएचबीच्या मानधनातून कापलेला कर

प्रश्न : मी पाटणला राहते. कराडच्या एका वरिष्ठ महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, मराठी शिकवते. दुपारी तिथल्याच एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात महिना १२,००० रुपये पगारावर असते. २०२५-२६ मध्ये सीएचबीचं मानधन १,८०,००० रुपये झालं, त्यातून १८,००० कापले. आधीची दोन वर्षंही असंच झालं. रिटर्न मी कधी भरलेलं नाही. पेट्रोल, पुस्तकं, लॅपटॉप सगळं माझ्याच खिशातून. हा खर्च दाखवून कर वाचेल का? रिटर्न भरून देणारे एक जण म्हणतात, "निम्मं मानधन खर्चात दाखवू, रिफंडातले वीस टक्के मला द्या."
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : ताई, आधी त्या वीस टक्क्यांना नाही म्हणा. तुमचे १८,००० रुपये पूर्ण परत मिळतात, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च दाखवावा लागत नाही.

हिशेब बघा. पगाराचे वर्षाचे १,४४,००० रुपये. नव्या करप्रणालीत त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट आपोआप मिळते, उरतात ६९,०००. त्यात मानधन मिळवलं की २,४९,०००. २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत करच नाही. कॉलेजने कलम १९४-जे खाली सरसकट दहा टक्के कापले, कारण त्यांच्या लेखी ते मानधन म्हणजे 'फी'. तुमचं एकूण उत्पन्न किती, हे त्यांनी बघायचं नसतं. ते रिटर्नमधूनच कळतं.

निम्म्या खर्चाची सोय खरी आहे, पण ती डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए अशा ठरावीक व्यवसायांना. शिक्षक त्या यादीत नाहीत. चुकीचं कलम लावलं तर नोटीस तुमच्या नावावर येईल, रिटर्न भरणाऱ्याच्या नाही.

तरीही खर्चाचं समजून घ्या. पगारावर पेट्रोलची पावती चालत नाही, प्रमाणित वजावट मिळाली की विषय संपला. मानधनातून मात्र त्या कामासाठी झालेला खरा खर्च वजा होतो. घर ते कॉलेज हा रोजचा प्रवास मी त्यात धरत नाही. तो वादाचा ठरतो. पेपर तपासायला कोल्हापूरला विद्यापीठात गेलात आणि त्याचं मानधन मिळालं, तर ते उत्पन्न दाखवून एसटीचं तिकीट जरूर लावा. लॅपटॉपची किंमत एकदम वजा होत नाही. ४०,००० चा असेल तर पहिल्या वर्षी ४० टक्के घसारा, म्हणजे १६,०००. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर ८,०००. घरी मुलंही वापरत असतील तर त्यातला कामापुरताच वाटा घ्यायचा. पावत्या एका पाकिटात ठेवा. पण खर्च फुगवू नका. तुमच्या करात त्याने काही फरक पडत नाही, उलट उद्या घरकर्जाला गेलात की बँक रिटर्नमधलंच उत्पन्न बघते.

पगार आणि फी दोन्ही असल्याने तुम्हाला आयटीआर-३ लागेल. सगळं पगारात दाखवून आयटीआर-१ भरू नका. २६-एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या नोंदीत, १९४-जे दिसतं आणि रिफंड अडकतो. सीएचबीचे पैसे सहा-सहा महिने रखडतात, हे मला माहीत आहे आणि त्याचा रागही येतो. मार्चपर्यंतच्या तासांचे पैसे मेमध्ये जमा झाले, तर रोखीने हिशेब ठेवणाऱ्याने ते मिळाले त्या वर्षात धरायचे. त्याची कपातही त्याच वर्षाच्या २६-एएसमध्ये आहे का, ते ताडून पाहा.

मागच्या दोन वर्षांची मुदत संपली आहे. 'अपडेटेड रिटर्न'मधून रिफंड मागता येत नाही, त्यामुळे कोणी ते भरून देतो म्हणालं तर पैसे देऊ नका. कलम ११९(२)(ब) खाली आयकर आयुक्तांकडे विलंब माफीचा अर्ज करता येतो. त्या कर निर्धारण वर्षाच्या (म्हणजे उत्पन्नाच्या पुढच्या वर्षाच्या) अखेरीपासून पाच वर्षांपर्यंत. उशिराचं खरं कारण लिहावं लागतं, मंजुरी त्यांच्या हातात असते. तरी अर्ज कराच. तुमच्या पगाराच्या मानाने ही रक्कम मोठी आहे.

आता कॉलेजच्या ऑफिसात जाऊन तिन्ही वर्षांचे फॉर्म १६-ए, म्हणजे कापलेल्या कराचे दाखले, मागा. ते देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, संकोच करू नका.