फिश फाइंडरचा ट्रान्सड्यूसर कोणता घ्यावा आणि होडीला कुठे बसवावा?

भाऊ, तुमची होडी सोळा फुटी फायबरची, मागे लहान आउटबोर्ड इंजिन, आणि पाणी गोसेखुर्दच्या बॅकवॉटरचं, आंभोऱ्याकडचं. फिश फाइंडर, म्हणजे तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं मशीन; त्याचा महागातला ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी पकडणारा भाग) घेऊ का, असं विचारलंत. मी नागपूरचाच, सुटीच्या दिवशी त्याच पाण्यावर असतो. माझं मत: पैसे बेतानेच घाला, पण भोकं पाडायची घाई करू नका.

निवड सोपी आहे. 50 किलोहर्ट्‌झ ही आवाजाची वारंवारता खोल समुद्रासाठी. आपल्या धरणाला 200 पुरे. सोबत 77 किंवा 83 मिळालं तर आवाजाचा झोत रुंद होतो. 20 अंशांचा झोत 10 मीटर खाली साडेतीन मीटर रुंदीचं वर्तुळ बघतो, 60 अंशांचा साडेअकरा. रुंद झोतात मासे जास्त येतात खरे, पण आपल्याकडे पाण्याखाली वाळलेली झाडं उभी आहेत. मासा, फांदी, तळ सगळ्याची खिचडी होते. म्हणून मी अरुंदच लावतो. जाळं अडकण्याआधी खोड कळायला हवं ना! हात सैल असेल तर 455 किंवा 800 चं डाउन इमेजिंग (होडीखालचं बारीक, फोटोसारखं चित्र) घ्या, फांद्या सुट्या दिसतात.

खरी मेख बसवण्यात आहे, आणि शत्रू एकच: बुडबुडे. आवाज पाण्यातून सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, पण हवा लागली की तिथूनच परत फिरतो. रोहू-कटला स्क्रीनवर ठळक उमटतो तोही मुख्यतः पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. मी पहिल्यांदा ट्रान्सड्यूसर तळाच्या उंचवट्याच्या पट्टीमागे ठोकला. होडी उभी असली की चित्र झक्कास, वेग घेतला की तळच गायब! दुकानदार म्हणाला, मशीन बदला. खोट जागेत होती. त्या पट्टीमागून बुडबुड्यांची रांगच निघायची.

तेव्हा पट्टी, खिळे, पाणी आत-बाहेर जायची तोंडं यांच्या मागची जागा टाळा. इंजिनच्या पंख्यापासून निदान 38 सेंटीमीटर लांब राहा. पंखा मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर उजवी बाजू धरा, कारण तिथे पाती खाली जातात. तोंड सपाट, पाण्याच्या पातळीला समांतर, आणि फायबरच्या तळाखाली 3 मिलिमीटर. पत्र्याच्या होडीला हेच 10 ठेवतात.

आधी क्लॅम्पने लावून दोन फेऱ्या मारा. मग इतवारीतून भाजी चिरायचा जाड प्लास्टिकचा पाट आणा, तो होडीच्या मागच्या फळीला एकदाच स्क्रूने बसवा, त्या भोकांत सीलंट भरा (नुसत्या सीलंटने हे प्लास्टिक धरत नाही), आणि ट्रान्सड्यूसरचे स्क्रू पाटात मारा. जागा चुकली तर नवं भोक पाटाला, होडीला नाही. उरलेली केबल कापू नका, गुंडाळून ठेवा; इंजिनच्या वायरीपासून दूर न्या.

भोकच नको असेल तर आतून तळावरही चिकटवता येतो, पण तिथे भरीव फायबर हवं. मध्ये फोम किंवा लाकूड असेल तर विसरा. पिशवीत पाणी भरून त्यात ट्रान्सड्यूसर बुडवा, पिशवी ओल्या तळावर टेकवा. खोली नीट दिसली तर जागा चालेल. पाण्याचं तापमान मात्र कळणार नाही.

आणि मरळ शोधत असाल तर तो काठाच्या गवतात, कमरेएवढ्या पाण्यात. मीटरभर खोलीत अरुंद झोत जेमतेम वीतभर-दीड वीत जागा बघतो. तिथे मशीन बंद ठेवा, बॅटरी तरी वाचेल.